खटकामामांचा नंबर लाल झाला

फोन वाजला आणि नंबर अनोळखी दिसला, की तुमच्याआमच्या कपाळाला आठी पडते. खटकामामांचा चेहरा मात्र खुलायचा. ओळखीचा नंबर म्हणजे घरून मामी, आणि मामींचा फोन म्हणजे येताना काय आणायचं त्याची उजळणी. अनोळखी नंबर म्हणजे काम! मामा कुलूपवाले. आणि किल्ली आत विसरून दार ओढून घेतलेला माणूस सहसा स्वतःच्या फोनवरून बोलत नाही, कारण तो फोनही आतच असतो, चार्जिंगला लावलेला. मग तो शेजारणीच्या फोनवरून बोलतो, इस्त्रीवाल्याच्या फोनवरून बोलतो. एक गृहस्थ तर पेपर उचलायला म्हणून टॉवेलवर बाहेर आले आणि वाऱ्याने मागे दार लागलं. त्यांनी पेपरवाल्याच्याच फोनवरून मामांना गाठलं, आणि पत्ता सांगायच्या आधी म्हणाले, "येताना एक सदरा आणा हो, कसलाही चालेल." मामांनी स्वतःचा नेला. तो सदरा अजून परत आलेला नाही.

खटकामामा हे काही बारशाला ठेवलेलं नाव नव्हे. कुलपाला कान लावायचे, डोळे मिटायचे, आत घातलेली तार हळूहळू फिरवायचे आणि आत बारीकसा आवाज झाला की म्हणायचे, "आला खटका!" दाराबाहेर ताटकळून ज्याचे पाय भरून आलेत, त्याला हे दोन शब्द ऐकून काय वाटत असेल ते ज्याचं त्याला ठाऊक. एका बाईंनी तर तिथल्या तिथे मामांना वाकून नमस्कार केला होता आणि मग लाजून आत पळाल्या होत्या. तेव्हापासून हेच नाव. खरं आडनाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

मामांची एक युक्ती होती. काम झालं की कानामागची पेन्सिल काढायची आणि जिन्यातल्या मीटरच्या पेटीवर आपला नंबर ठळक लिहायचा. लोक म्हणायचे, "अहो, घरात लिहून ठेवतो की आम्ही." मामा म्हणायचे, "घरात लिहून काय करता? तुम्ही बाहेर असणार ना!" अशा रीतीने गावातल्या निम्म्या जिन्यांत मामांचा नंबर होता. नाव नाही, दुकान नाही, नुसता नंबर. रंगारी पेटी रंगवायला आला तरी तेवढा तुकडा सोडून रंगवायचा. मामींना कुणी विचारलं, तुमच्या घरी मालमत्ता काय, तर त्या म्हणायच्या, "एक नंबर आहे, तो सगळ्या गावाला वाटून झालाय."

आणखी एक पद्धत होती. तीच भोवली.

नवं कुलूप बसवलं की आठवड्याभराने मामा त्या घरी फोन करायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याचे वेगळे पैसे नव्हते. जावई सासरी रुळला का विचारावं, तसं कुलूप रुळलं का विचारायचे. आता हा फोन कसा असायचा ते ऐका. मामांचे हात तेलाने माखलेले, त्यामुळे फोन लावून तो खांदा आणि मानेच्या मध्ये अडकवेपर्यंत पलीकडचा माणूस दोनचारदा "हॅलो, हॅलो" करून मोकळा झालेला असायचा. मग मामा म्हणायचे, "मी बोलतोय. ओळखलं नाही? असं कसं!" मग सरळ मुद्द्यावर. "दुपारी घरात कोण असतं?" कारण घर दिवसभर बंद राहिलं की नवं कुलूप फिरत नाही, आणि न फिरलं की अडतं. "किल्ल्या किती जणांकडे?" कारण हात बदलला की किल्ली वेगळी झिजते. "जुनी किल्ली कुठे ठेवता?" कारण कुणीतरी चुकून जुनी किल्ली नव्या कुलपात घालतं आणि मोडतं. "पटकन सांगा, मी रस्त्यात आहे. आणि तुम्ही फोन करू नका, मीच करेन." कारण हात कुलपात अडकलेले असताना फोन वाजला की तार सुटते.

एकेक प्रश्न सोन्यासारखा. त्यामागे किती वर्षांची माया आणि किती वर्षांचं तेल! पण कारणं मामांच्या डोक्यात, आणि फोनवर नुसते प्रश्न.

मामांची लेक बँकेत होती. बोलायला धीट आणि लोकांना समजावून सांगण्यात हुशार. बँकेने ठरवलं, की फसवे फोन ओळखायचे कसे आणि आले तर करायचं काय, हे गावकऱ्यांना सांगायचं, आणि ते काम तिच्यावर सोपवलं. वाचनालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. पुढच्या रांगेत बँकेचे मोठे साहेब, दुसऱ्या रांगेत इस्त्रीचा सदरा घातलेले मामा आणि शेजारी मामी. मामांची छाती अशी फुगली होती, की मामींनी हळूच सांगितलं, "बटण तुटेल."

लेक उभी राहिली. म्हणाली, "पहिली खूण. तुम्ही फोन उचलता, पण पलीकडून लगेच कुणी बोलत नाही. नुसती शांतता."

मामांनी कौतुकाने मान हलवली.

"दुसरी खूण. नाव सांगत नाहीत. 'मी बोलतोय, ओळखलं नाही का?' असं म्हणून तुम्हालाच नाव घ्यायला लावतात."

मामांची मान जरा हळू हलली. मामींनी तिरक्या नजरेने पाहिलं.

"तिसरी. घाई करतात. विचार करायला वेळच देत नाहीत. चौथी. तुम्ही उलट फोन करू नका म्हणतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, घरची चौकशी करतात. कोण असतं, केव्हा असतं, काय कुठे ठेवता."

मागच्या रांगेतून निवृत्त पोस्टमास्तर ताडकन उठले. "मला आला होता असा फोन! अगदी अस्साच! जुनी किल्ली कुठे ठेवता म्हणून विचारत होता!"

सगळा हॉल हादरला. लेक म्हणाली, "बघा! मग तुम्ही काय केलंत, आजोबा?"

"काय करणार? फ्रिजवर, म्हणून सांगितलं!"

हशा पिकला. मग एकेक जण उठायला लागला. मलाही आला, आम्हालाही आला, सुनेला आला. मामी कुजबुजल्या, "अहो, हे तुमचेच फोन आहेत. उठा आणि सांगा."

मामा अर्धे उठलेही. पण पुढे साहेब मान डोलवत होते, आणि लेकीचा चेहरा असा उजळला होता, जसा तो दहावीच्या निकालाच्या दिवशी उजळला होता. आता उभं राहून सांगायचं, की बाई गं, ज्या चोराला तू फळ्यावर मांडलंयस तो तुझा बापच आहे? सगळा हॉल तिला हसला असता. मामा खाली बसले.

"आता फोन काढा," लेक म्हणाली. "त्या नंबरवर बोट ठेवा, 'ब्लॉक' दाबा, आणि खाली 'तक्रार' असतं तेही दाबा. म्हणजे तो नंबर आला काय, कुणी लावला काय, दुसऱ्या लोकांच्या फोनवर लाल दिसेल आणि ते सावध होतील."

लोकांनी चष्मे पुसले, फोन काढले आणि मोठ्या उत्साहाने बोटं दाबली. लेकीच्या भाषणाला एवढा प्रतिसाद कुठल्या बापाला नको असतो? मामांनी टाळ्याही वाजवल्या.

पुढे काही दिवस फोन जरा कमी वाजला. मामांना वाटलं, लोक शहाणे झाले, किल्ल्या सांभाळायला लागले. आपला नंबर लाल झालाय हे स्वतःच्या फोनवर थोडंच दिसतं! ते कळलं हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदार मामांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याने नवा फोन घेतला होता, जुनी नावं अजून त्यात घातली नव्हती. मामांनी दुकानाच्या बाहेरूनच फोन लावला, बिजागरी आहे का म्हणून. दुकानदाराने फोनकडे पाहिलं, बाहेर पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं.

"अरे खटक्या, तुझ्या नावाने इथे लिहिलंय, फसवा फोन! पुष्कळ लोकांनी तक्रार केलीय म्हणे. काय धंदे चालवलेस?"

"आण इकडे. काढून टाक ते."

"मी कसा काढू? मी लावलंय का?"

हाच जबाब मामांना नंतर सगळीकडे मिळाला. फोनच्या दुकानातला माणूस म्हणाला, "काका, हे लोकांनी लावलंय, लोकांनीच काढलं तर निघेल." मदतीचा नंबर फिरवला तर एक गोड बाई एक दाबा, दोन दाबा म्हणाली. मामा दाबत गेले. शेवटी ती म्हणाली, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि गाणं लागलं. ते गाणं मामांना पाठ झालं, पण माणूस काही बोलला नाही. लेकीने संध्याकाळी बसून कुठेतरी विनंती पाठवली. उत्तर आलं, विनंती मिळाली. लाल थोडं फिकं झालं, आणि पुन्हा गडद झालं.

ते गडद का झालं? कारण मामांनी आणखी एक शहाणपणा केला. त्यांना वाटलं, ज्यांनी लावलंय त्यांनाच एकेकाला फोन करून सांगू. आता तुम्हीच बघा, दुपारची वेळ, लाल नंबर, पलीकडे दोन क्षण शांतता, आणि मग एक घाईचा आवाज म्हणतो, "घाबरू नका, मी चोर नाही!" पोस्टमास्तरांचं बोट तेव्हा 'ब्लॉक'वर नीट पडलं नव्हतं म्हणून फोन लागला, पण त्यांनी पूर्ण वाक्यही ऐकलं नाही. जे राहिले होते, त्यांनीही त्या दिवशी बोटं दाबली.

लेकीला हा सगळा प्रकार मुळापासून कळला तेव्हा ती डोक्याला हात लावून बसली. "बाबा, तुम्ही त्याच दिवशी उठून का नाही बोललात?"

"छान बोलत होतीस तू."

तिने बाबांचा फोन हातात घेतला. मग म्हणाली, "नवा नंबर घ्या. दुसरा उपाय नाही."

"आणि जिन्यांतले नंबर? रबर घेऊन गावभर फिरू? लोक बाहेर अडकतील आणि फोन लावतील तेव्हा कोण उचलेल?"

"आता तरी कुठे लावतायत, बाबा?"

पण नंबर बदलायचा म्हणजे आपण खरंच चोर होतो असं कबूल करून गाव सोडायचं, असं काहीतरी त्यांच्या मनात बसलं होतं. ते म्हणाले, "बघू." मामी म्हणाल्या, "यांचं 'बघू' म्हणजे 'नाही'. त्याला किल्ली नाही."

दोस्ताने तोडगा काढला. कुलपाची कामं त्याच्या दुकानाच्या फोनवर येऊ लागली, तो मामांना पाठवू लागला. चाललं होतं कसंबसं. आणि मग ती दुपार आली.

दुकानदाराचा फोन आला. आवाज फाटलेला. "खटक्या, पळ! नव्या वसाहतीत एका बाईचं दार लागलंय. कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आली तेवढ्यात. वर्षाचं मूल आत आणि गॅसवर दूध! फोन हातात होता म्हणून मला लावू शकली. नंबर देतो, घे."

"कुठली इमारत?"

"विचारेपर्यंत ठेवला रे तिने, वेडीपिशी झालीय. माणूस पाठवतो म्हटलंय मी. तिथे पोचून फोन कर."

मामांनी स्कूटर अशी हाणली, की वाटेतल्या म्हशी त्यांच्याकडे वळून बघायला लागल्या. वसाहतीच्या फाटकाशी पोचून फोन लावला. घंटी अर्धी वाजली आणि कापला गेला. पुन्हा लावला. पुन्हा कापला गेला. तिसऱ्यांदा लावला, तर घंटीच वाजली नाही.

काय झालं ते त्यांना कळलं. तिच्या हातातला फोन तिला सांगत होता, की हा चोर आहे.

दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "थांब, मी करतो." मग त्याचाच उलट फोन आला, "लागत नाही रे, ती दुसरीकडे बोलतेय. नवऱ्याला लावत असेल."

फाटकाशी पहारेकरी स्टुलावर बसला होता. "कोणाकडे?"

"कुलूप उघडायला आलोय. मूल अडकलंय आत."

"इमारत कुठली?"

"माहीत नाही."

"नाव?"

"माहीत नाही."

"मग जायचंय कोणाकडे?"

"रडतंय त्याच्याकडे!" मामा ओरडले.

पहारेकऱ्याने शांतपणे मागच्या भिंतीवरच्या सूचनेकडे बोट दाखवलं. अनोळखी माणसाला आत सोडू नये. "मागच्या आठवड्यातच लावलीय काका. माझी नोकरी जाईल."

"तुझ्या फोनवरून लाव, हा घे नंबर. तुझा तरी उचलेल ती."

त्याने लावला. माणूस वाईट नव्हता. पण तो फोनही तेच म्हणाला, दुसरीकडे बोलत आहेत.

समोर सारख्याच इमारती, सारख्याच खिडक्या, सगळ्या खिडक्यांत वाळत घातलेले कपडे. मामांनी सवयीने डोळे मिटले आणि कान दिला. पण दुपारच्या वेळी वसाहतीत काय कमी आवाज असतात? पाण्याचा पंप, टीव्ही, कुणाचा तरी मिक्सर. रडणं ऐकू आल्यासारखं वाटायचं आणि वळून बघेपर्यंत हरवायचं. एक रडणं डावीकडून, एक वरून. पोरं काय सगळ्याच घरांत रडतात! हातात पिशवी, पिशवीत तार, आणि मामा फाटकात उभे.

मग दणके ऐकू आले. मागच्या इमारतीतून. लाकडावर लोखंडाचे, एकामागून एक. "अरे, हे काय चाललंय!" म्हणत पहारेकरी धावला, आणि त्याच्यामागे मामा.

तिसऱ्या मजल्यावर दार उभं चिरलं होतं. शेजारचे दोघे हातोडा घेऊन घामाघूम उभे होते. आत जळक्या दुधाचा वास, भांडं काळं ठिक्कर. आणि ज्याच्यासाठी एवढा आकांत झाला ते बाळ पिठाच्या डब्यात दोन्ही हात घालून बसलं होतं, पांढरं फटक, आणि एवढी माणसं एकदम आली म्हणून खूश झालं होतं. बाईने त्याला उचललं आणि मग ती भिंतीला टेकून खाली बसली.

मामांनी कुलपाकडे पाहिलं. अगदी साधं. प्लॅस्टिकची एक पट्टी सारली असती तर चहा ओतायच्या आत उघडलं असतं.

"दुकानातून आलात?" बाई म्हणाली. डोळे लाल, आवाज चढलेला. "आत्ता? सगळं झाल्यावर? रस्ता सापडत नव्हता तर फोन तरी करायचा होता हो! नंबर होता ना तुमच्याकडे?"

मामांच्या तोंडून एवढंच निघालं, "चुकलं ताई."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. दार निदान लागेल एवढं तरी करून द्यायला हवं होतं. चिरलेल्या फळीवर पत्रा ठोकला, नवं कुलूप काढलं, स्क्रू ओठांत धरले आणि कामाला लागले. तोवर जिन्यात बायका जमल्या. बाईला हळूहळू बोलायला सुचलं.

"आणि त्यात हे मेले! माझं बाळ आत, मी दार बडवतेय, आणि नेमका तेव्हाच मला फसवा फोन. लाल नंबर. कापला तर पुन्हा. शेवटी ब्लॉकच केला."

"त्यांना बरोबर कळतं गं," वरच्या मजल्यावरची बाई म्हणाली, "माणूस कधी अडचणीत आहे ते."

"सांग तो नंबर. मीही लाल करते."

"मलाही सांग. सासूबाईंच्या फोनमध्ये पण करून ठेवते."

बाईने फोन काढला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचायला लागली. मामांची पाठ तिच्याकडे होती, तोंडात स्क्रू. स्वतःचा नंबर त्यांनी आजवर इतक्यांना सांगितला होता, पण दुसऱ्याच्या तोंडून, असा सावकाश, मागून ऐकला नव्हता. त्यांनी एक स्क्रू ओठांतून काढून बसवला. मग दुसरा. शेवटचा निघाला आणि तोंड मोकळं झालं, तोवर सगळ्यांची बोटं दाबून झाली होती.

बाईने पाण्याचा तांब्या आणला. "काका, घ्या. मघाशी फार बोलले मी. जीव थाऱ्यावर नव्हता. मनावर घेऊ नका."

बाळाने पिठाळलेल्या हाताने मामांचं बोट पकडलं होतं. मामा म्हणाले, "ताई, तो नंबर..."

"तुम्हालाही येतो का?" तिचे डोळे मोठे झाले. "उचलू नका हं अजिबात."

मामांनी तिच्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. "नाही उचलत," ते म्हणाले.

तिने दार लावून पाहिलं, उघडून पाहिलं. छान बसलं होतं. तिचा चेहरा जरा निवळला. "तुमचा नंबर देऊन ठेवा ना, काका. पुन्हा असं काही झालं तर दुकानात कशाला? सरळ तुम्हालाच लावेन."

तिने फोन पुढे धरला, अंगठा आकड्यांवर तयार ठेवून. मामा पिशवीची चेन लावत राहिले. ती लागली होती तरी लावत राहिले.

"नंबर बदलतोय मी, ताई."

"हो? कधी?"

"आजच. इथून निघालो की."

"बरं करताय," ती म्हणाली. "जुन्या नंबरवर असले भलतेसलते फोन फार येतात."